पाचवा थर

गुरुपौर्णिमेला गोविंदा पथकाचा सराव सुरू व्हायचा. त्या सकाळी पथकाचा प्रशिक्षक गौतम यंदाचा टी-शर्ट घेऊन करी रोडच्या चाळीत सुयोगकडे हजर झाला. सलग तिसरं वर्ष. पाचव्या थरावरून पडल्यापासून सुयोगचे पाय हलले नव्हते. शालनने लेकाला भिंतीला टेकवून बसवलं, टी-शर्ट अंगात घातला. गौतमने व्हिडिओ काढायला मोबाइल समोर धरताच सुयोगचा चेहरा उजळला.

"माझी जागा कुणाला देऊ नका रे! पुढच्या वर्षी मी येतोय!"

शालनने जिन्यापर्यंत कसाबसा राग गिळला. मग गौतमचा दंडच धरला.

"डॉक्टर काय बोललेत ते तुला ठाऊक आहे ना? मग दरवर्षी येऊन त्याला कशाला आशा लावतोस? तू गेलास की आठवडाभर नुसता पायांकडे बघत राहतो. ताटाला हात लावत नाही."

गौतमने खिशातल्या मोबाइलवर हात ठेवला. तिच्याकडे बघायचं त्याला धाडस झालं नाही.

"काकी, हा व्हिडिओ पोरांना दाखवला नाही, तर भीतीने पाचव्या थराला एकही पोरगा चढत नाही."