टाकीच्या गळ्यावरची तारीख

"तारीख दिसत नाही. गाडी पास होणार नाही," आरटीओचा साहेब म्हणाला आणि त्याने पेनाला टोपण लावलं.

दिसेल कशी? माझ्या हौशी लेकाने जुन्या टेम्पोचं फिरतं घर केलं आणि आतल्या गॅसच्या टाकीलाही गाडीसारखाच निळा रंग फासला. गळ्यावर ठोकलेली तपासणीची तारीख रंगाखाली गडप. उद्या आम्हाला समुद्रावर जायचं होतं. पासष्ट वर्षांत मी तो पाहिला नव्हता.

मी पदर खोचला. "सरका, साहेब." उलथन्याने रंग खरवडला. "वाचा. बी सत्तावीस. बी म्हणजे वर्षाचे दुसरे तीन महिने. सत्तावीस सालच्या जूनपर्यंत चालेल. टाकी दारात उतरली तेव्हाच बघून घेतलंय मी."

साहेबाने अक्षरांवरून बोट फिरवलं आणि हसला. "आजी, शाळा किती?"

"दुसरीत सुटली. इंग्रजी अक्षरं चारच येतात, ए ते डी. टाकीवर पाचवं असतंच कुठे?"

कागदावर शिक्का बसला. लेक स्टिअरिंगकडे पळाला, सून त्याच्या शेजारच्या सीटकडे.

"तू मागे बस गं," मी म्हटलं. "गाडी मी पास केलीय."