ऋजुताला उशीर झाला

आकाशनिरीक्षण मंडळाची माणसं गच्चीवर माना वर करून उभी होती आणि सुलभाताईंच्या हातात स्टॉपवॉच होतं. त्यांची ऋजुता ज्या अवकाशस्थानकात होती, त्याचा संपर्क तुटून अठरा दिवस झाले होते. इंजिन बंद पडलेलं स्थानक रोज थोडं खाली घसरत होतं, म्हणून रोज मंडळाने काढलेल्या वेळेच्या आधीच दिसत होतं.

आज मात्र वेळ टळली तरी पश्चिमेला काहीच उगवलं नाही.

"चल खाली," यशवंतराव बायकोला हलकेच म्हणाले. "पडलं असेल गं ते."

"थांबा हो जरा!"

दुसरं मिनिट सरता सरता देवळाच्या कळसामागून तो ठिपका वर आला.

"दोन मिनिटं उशिरा," यशवंतराव पुटपुटले.

"अहो, खाली घसरलेलं लवकर येतं! उशीर झाला म्हणजे ते वर चढलंय. आत कुणीतरी इंजिन चालू केलंय!"

खेळून दिवेलागण उलटल्यावर घरी यायची म्हणून ज्या लेकीला त्यांनी लहानपणी रोज फैलावर घेतलं होतं, तिच्याकडे बघत सुलभाताई म्हणाल्या, "ये बाई. अशीच उशिरा येत जा."