डुलकी म्हणायचं नाही

"पहाटे चारनंतर तिचा डोळा लागू द्यायचा नाही," तंत्रज्ञ बाईंनी आईला फोनवर बजावलं होतं. "झोप इथे येऊनच लागायला हवी. झटक्याची खूण बहुतेकदा झोपेतच सापडते."

आता मेंदूच्या तपासणीच्या खोलीबाहेरच्या बाकावर आठ वर्षांची भिंगरी पेंगत होती.

"भिंगरे, ऊठ!" आईने तिला हलवलं. "सतराचा पाढा म्हण."

"त्यानं तर जास्तच झोप येते गं!" भिंगरी चिडली. "एरवी तूच म्हणतेस, डुलकी लागली होती तुला. आज मागतेय, तर देत नाहीस."

झटका येऊन गेला की भिंगरीला काही आठवत नसे. तिचं तोंड पुसून आई दर वेळी तेच सांगायची.

आतलं टोपीसारखं यंत्र बघून भिंगरी खुदकन हसली. "पार्लर!"

"पार्लरच. पण कात्री नाही, सुई नाही," बाई म्हणाल्या. मग आईकडे वळल्या. "झटका कुठून निघतो ती जागा कळली, तर डॉक्टरांना तेवढ्यापुरताच इलाज करता येईल. नाही कळली, तर मात्र डोकं उघडून शोधावं लागेल."

आडवी होताना भिंगरीने आईचं बोट धरलं. "माझे डोळे वर जातात ना? शाळेत सांगितलं मला. आज तसं झालं तर डुलकी म्हणायचं नाही. खरं सांगायचं. शप्पथ?"

"शप्पथ."

जाड दार लागलं. आई बाहेर पडद्यासमोर बसली. तीन वर्षं रोज सकाळी देवापुढे हात जोडून तिने एकच मागितलं होतं, आज झटका नको. आत्ताही हात जुळले, पण आज ते मागता येईना. येऊ दे, असं कुठली आई म्हणेल?

"तुला कळतंय ना," ती पुटपुटली, "तेच कर."

पाऊण तासाने पडद्यावर उजवीकडच्या रेघा उसळल्या. बाई आत धावल्या, मागोमाग आई. दोघींनी भिंगरीला कुशीवर वळवलं. अर्ध्या मिनिटात सगळं ओसरलं.

"डॉक्टर बघतीलच," बाई हळूच म्हणाल्या. "पण जागा दिसली."

आईने डोळे पुसले.

बऱ्याच वेळाने भिंगरीने मान वळवली. "आई, काय झालं गं?"

नेहमीचा शब्द ओठांवर आलाच होता. आईने तो गिळला. खुर्ची ओढून ती लेकीच्या उशाशी बसली.

"आधी तुझा डावा अंगठा हलतो," ती म्हणाली. "नेहमी."