कोरडी पावलं

समुद्रावरून दमट वारा आला की लादीला घाम सुटायचा. खिडकीपाशी मात्र दोन इवली पावलं कोरडीठाक राहायची. लेक बुडाली तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

"अहो, तेवढी एक लादी राहू द्या," तो सगळी लादी बदलायला निघाला तेव्हा बायको काकुळतीला आली. त्याने ऐकलं नाही. लाकडी जमीन केली तर या हवेत फुगेल म्हणून गवंड्याने जुनी लादी उखडून खरखरीत फरशी बसवली.

सकाळी तीही घामेजली. खिडकीपाशी कोरडं काहीच उरलं नव्हतं. सुटलो म्हणायचं, तर त्याला रडूच फुटलं.

"अगं, इकडे ये."

ओ आली नाही. दार सताड उघडं होतं. ओल्या पायऱ्यांवरून कोरडी पावलं समुद्राकडे उतरत गेली होती. इवल्या पावलांशेजारी बायकोची.