अकोटकडचं आभाळ

"अकोट," मोबाइलवरची नजर न काढता रागिणी म्हणाली. "आज तिकडं वादळ लई मोठं आहे, बाबा."

खुशालरावांनी व्हॅन सुरू केली, पण गिअर टाकला नाही. अंजनगावच्या बाहेर, पानमळ्याच्या कडेला गाडी नुसतीच थरथरत उभी राहिली. त्यांची पाठ दुखत होती, डोळे चुरचुरत होते. निघताना दुर्गाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नव्हतं आणि लेकीकडेही नाही.

गेल्या वैशाखात रागिणीचा भाऊ श्याम गेला. कांदा झाकायला ताडपत्री घेऊन वावरात धावला, पावसाचा जोर वाढला म्हणून बांधावरच्या निंबाखाली थांबला, आणि वीज त्याच निंबावर पडली. रागिणी तेव्हा अमरावतीला फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती. निकाल लागला तशी ती घरी परत आली. यंदाच्या उन्हाळ्यात आभाळ पहिल्यांदा गडगडलं, तेव्हा पोरगी दारात उभी राहून एकटक वर बघताना खुशालरावांना दिसली. अंगणात तिची स्कुटी उभी होती. त्यांनी खुंटीवरची किल्ली घेतली आणि व्हॅन बाहेर काढली. रागिणी धावत आली आणि शेजारी बसली. निदान वादळामागे एकटी तरी जाणार नाही, एवढाच त्यांचा विचार होता.

तेव्हापासून गडगडलं की व्हॅन निघे. रागिणी मोबाइलवर रडारचं चित्र उघडी. हिरवा म्हणजे साधा पाऊस, पिवळा म्हणजे जोराचा, लाल म्हणजे गारा आणि विजा, हे खुशालरावांनाही आता पाठ झालं होतं. वाचायचा चष्मा मात्र घरीच राही, त्यामुळे त्यांना ते रंग नुसते सांडल्यासारखे दिसत. ती गावाचं नाव सांगे, ते गाडी तिकडे वळवत आणि मग वाटेत उशीर करत. टायरात हवा कमी वाटते म्हणून थांबत. इंजिन तापलं म्हणून बोनेट उघडून उभे राहत. ओळखीचं कुणी दिसलं तर त्याच्या संत्र्याचा बहार कसा आहे, ते विचारत बसत. एका टपरीवाल्याने तर तोंडावर विचारलं होतं, की काका, वादळ धराले निघाले का वरातीले?

पोहोचत तोवर वादळ तिथे नसे. बरेचदा रस्तासुद्धा कोरडा असे. वादळाचा काय भरवसा, असं खुशालराव म्हणत आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास टाकत.

रागिणी कधी चिडली नाही. जाऊ द्या बाबा, एवढं म्हणून ती काच वर करी. तिची अट एकच होती. गाडीतून उतरायचं नाही. वीज पत्र्यावर पडली तरी बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते, आत बसलेल्याला सहसा काही होत नाही, हे तिने पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं आणि त्यांच्याकडून तसा शब्द घेतला होता. शिकलेली पोर, तिला नियम लागतात, असं त्यांना वाटलं.

"मोठं म्हणजे केवढं?" त्यांनी विचारलं.

"लाल आहे. मधात जांभळं बी दिसून राहिलं."

जांभळा रंग तिने आजवर कधी सांगितला नव्हता. आज टायर आणि इंजिनाने भागायचं नाही, हे खुशालरावांनी ओळखलं. आभाळ धुळीने चहूकडून सारखंच मळकट दिसत होतं. फाट्यावर आले तसं त्यांनी स्टिअरिंग उलटं फिरवलं आणि गाडी परतवाड्याच्या रस्त्याला लावली.

"अकोट इकडं नाई, बाबा."

चांदूर बाजारातून बियाणं आणायचं आहे, ते आधी घेऊ, मग पाहू, असं त्यांनी सांगून टाकलं.

ती आज पहिल्यांदाच हट्टाला पेटली. बियाणं उद्या आणता येईल म्हणाली. चांदूरकडे आभाळ कोरडं आहे, तिकडे जाऊन काय करता, म्हणाली. परतवाडा मागे पडला तेव्हा तिने स्टिअरिंगवर हात ठेवला. "बाबा, वापस वळवा. अकोटलेच चला. तुमच्या पाया पडते."

या वेडापायी पोर कुठवर पोचली, असं खुशालरावांना वाटलं. त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि व्हॅन आणखी जोरात दामटली.

दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या आणि वाऱ्याचा पहिला झोत आडवा आला. झाडं मुळापासून हलली. अंधारून आलं. पुढचा रस्ता दिसेनासा झाला तेव्हा त्यांनी झाडांपासून लांब, मोकळ्या जागी गाडी थांबवली. मग टपावर गारा कोसळू लागल्या. वीज इतकी जवळ पडली की उजेड आणि आवाज एकदमच आले.

खुशालरावांनी रागिणीचं मनगट घट्ट धरलं. ही आता दार उघडेल, एवढीच एक भीती त्यांना होती. तिने दोन्ही हातांनी आपली बाही पिळून धरली आहे, हे त्यांच्या जरा उशिरा लक्षात आलं.

"भेटलं ना तुले शेवटी?" ते थकून म्हणाले. "मनभर पाहून घे, माय. पण उतरू नको."

रागिणी त्यांच्याकडे बघतच राहिली.

"मी कायले पाहू, बाबा? मले तर गडगडलं की धडकी भरते. तुमी किल्ली घेऊन निघता, श्यामच्या मागं जाता का काय म्हणून मी संगं बसते. रोज वादळ नसते त्याच गावाचं नाव सांगते. आज ते इकडं येऊन राहिलं होतं, म्हणून तर अकोट म्हटलं."