खुंट्याला बांधलेला दोर

भिवंडीच्या जुन्या बंदरावर आता होडकंपण लागत न्हाय. नुसता गाळ आणि तिवरांची झाडी. पूर्वी इथं तांदळाची गलबतं यायची, तेव्हा विठूकाका हमाल होता. अजून तिथंच बसलेला असतो, ओझ्याखालची चुंबळ डोक्यावर तशीच. घरी जाताना त्याला कोणी बघितलेला न्हाय.

दुपारी मी वडपे गावच्या गोडाऊनमधनं शिफ्ट करून येत होतो. अंग पार मोडलेलं, पण काकाची फिरकी घेतल्याशिवाय आपल्याला घर गाठवत न्हाय. माल बांधायचा दोर खांद्यावर होताच. एक टोक गलबतं बांधायच्या जुन्या खुंट्याला बांधलं, दुसरं तिवरांत फेकलं आणि बोललो, "काका, उठा. गलबत लागलं."

काका हसला न्हाय. "तू बांधलास?"

"मग काय, तुमच्या सासऱ्यानं?"

"रीत हाय बाबा. ज्यानं दोर बांधला, त्यानंच माल उतरवायचा. गलबत रिकामं होईस्तोवर घरी जायचं न्हाय." तो थकून बोलला, "शेवटचा मी बांधला होता."

"बरं, सोडतो," म्हणून मी वाकलो.

गाठ सुटेना. मघाशी ढिला पडलेला दोर ताठ झाला होता, हाताला ओला लागत होता. तिवरांच्या मागं कायतरी जड डुलावं, तसा करकरत होता. तांदळाचा वास आला.

काका उठला. चुंबळ काढून त्यानं माझ्या डोक्यावर ठेवली. ती गरम होती.

"पहिल्या गोणीला मान दुखते," तो बोलला. "मग काय कळत न्हाय."

आणि तो घरच्या वाटेला लागला.