एका घासाचे केक

“दुसरं मूल तुमच्या ओटीत घालीन,” असा शब्द धाकट्या जावेनं दिला होता. ते बाळ आज दवाखान्यातून घरी यायचं होतं, आणि थोरली सकाळपासून पार्टीच्या तयारीला लागली होती. केक कुस्करून त्यात क्रीम कालवायचं, लिंबाएवढे गोळे वळायचे, पातळ चॉकलेटात बुडवून ताटात मांडायचे. पोरासोरांना एका घासात खाता यावेत, एवढेसेच.

नवरा एकटाच परत आला. नेलेलं दुपटं त्यानं घडीसकट खुर्चीवर ठेवलं.

“बाळ द्यायला तिचा हातच पुढे येईना गं. नुसती रडत होती. शेवटी मीच म्हटलं, राहू दे.”

थोरलीच्या हातातला गोळा चॉकलेटात बुडाला. तो तिनं चमच्यानं शोधून काढला.

“लोकांना येऊ नका म्हणून कळवतो,” तो म्हणाला.

तिनं उरलेले गोळे वळून चॉकलेटात बुडवले. मग डबा भरून त्याच्या हातात दिला.

“तिकडे देऊन या. बाळ घरी आलंय, तोंड गोड करायला हवं.” तिनं त्याच्या हातातल्या डब्याचं झाकण पुन्हा दाबून बसवलं. “त्याच्या काकूनं पाठवलेत म्हणावं.”